पपनसाच्या सालीचा वास: पेल एलच्या सहा बॅच आणि चौदा महिने

डिसेंबर २०२२ मध्ये मी इथे ऑरिगनमधल्या पोर्टलंडला घरी पेल एल (फिकट रंगाची, हॉपच्या वासाची बिअर) करायचं ठरवलं आणि मनासारखी पेल एल ग्लासात पडायला मार्च २०२४ उजाडला. मधल्या काळात सहा बॅच झाल्या, म्हणजे साधारण ११४ लिटर. त्यातली एक सगळीच्या सगळी मोरीत ओतली, एक अर्धी ओतली. सुरुवात करताना मराठीत वाचायला काही सापडलं नाही आणि इंग्रजीत इतकं सापडलं की कुठून धरावं ते कळेना. पोर्टलंडमध्ये, बे एरियात, सिएटलला अशी धडपड करणारी आपली बरीच मंडळी आहेत हे आता माहीत झालंय. त्यांच्यासाठी हे तारीखवार लिहून काढते आहे.

आधी कायद्याचं, कारण माझी पहिली भीती तीच होती. अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं मोकळीक मिळाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. विकायची नाही, स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी. वय २१ च्या पुढे. ऑरिगनमध्ये २०१० साली एक अडचण झाली होती: घरची बिअर घराबाहेर नेता येत नाही असा अर्थ लावला गेला आणि राज्याच्या जत्रेतली स्पर्धाच रद्द झाली. पुढच्या वर्षी विधिमंडळानं कायदा दुरुस्त केला, म्हणून आता क्लबच्या बैठकीला किंवा स्पर्धेला बाटल्या नेता येतात. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. त्यामुळे हे वाचून पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कुणी पातेलं चढवू नका.

मला नेमकं काय हवं होतं ते सांगते. अमेरिकन पेल एलमध्ये बहुतेकदा कॅस्केड नावाचा हॉप असतो (हॉप म्हणजे बिअरला वास आणि कडवटपणा देणारं वेलीचं फूल). इथून दीड तासावरच्या कॉर्व्हॅलिसमध्ये तो तयार झाला, १९७२ साली बाजारात आला, आणि १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावात सिएरा नेवाडा या ब्रुअरीनं आपली पेल एल त्यावरच उभी केली. इथे त्याच्या वासाला ग्रेपफ्रूटचा म्हणतात. मला पहिल्यांदा तो ग्लास नाकाशी नेल्यावर आठवलं ते कोकणातल्या मामाच्या अंगणातलं पपनस. त्याची जाड साल नखानं सोलताना बोटांवर जो तेलकट, कडसर वास राहतो ना, तोच. कारलं आवडीनं खाणाऱ्या घरात वाढल्यामुळे कडवटपणाचं मला कधीच वावडं नव्हतं. तो वास आणि तो कडवटपणा, दोन्ही एका ग्लासात मला घरी हवं होतं.

जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात एफ. एच. स्टाइनबार्टच्या दुकानात गेले. हे दुकान १९१८ पासूनचं आहे. मोठं स्टीलचं पातेलं, त्यात बसणारी जाळीची पिशवी, झाकणाची बादली आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी नळी), हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन), थर्मामीटर, सायफन, बाटल्यांना बूच दाबायचं यंत्र: सगळे मिळून १८७ डॉलर. माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), हॉप, यीस्ट यांचे वेगळे ४६. बाटल्या विकत घेऊ नका. ऑरिगनमध्ये रिकामी बाटली परत केली की दहा सेंट मिळतात, म्हणून लोक त्या साठवून ठेवतात. शेजारपाजारी विचारलं तर आनंदानं देतात. फक्त तपकिरी घ्या आणि पिळून उघडायच्या झाकणाच्या घेऊ नका, त्यांच्यावर बूच नीट बसत नाही.

पहिली बॅच १४ जानेवारीला, शनिवारी. पाककृती छापील होती: साडेचार किलोच्या आसपास माल्ट, त्यात ४५० ग्रॅम क्रिस्टल माल्ट (कॅरॅमलसारखी गोडी आणि रंग देणारं), सगळा हॉप कॅस्केड. भरडलेलं माल्ट ६७ अंशांच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायचं. या वेळात धान्यातली एन्झाइम पिष्टाची साखर करतात. मग पिशवी उचलून निथळायची आणि राहिलेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, तासभर उकळायचं. घरातल्या विजेच्या शेगडीवर २८ लिटर पाण्याला उकळी यायला ५५ मिनिटं लागली. उकळी फुटताना फेस येतो तो थेट दुधासारखा उतू जातो. लाकडी डाव हातात धरून समोरून हलायचं नाही. मी फोन घ्यायला गेले आणि शेगडीखाली साखरेचा पाक जळून बसला. तो खरवडायला दुसरा दिवस गेला. पुढच्या बॅचपासून प्रोपेनचा बर्नर घेतला आणि कारपोर्टखाली उघड्यावर उकळायला लागले. बर्नर बंद गॅरेजमध्ये अजिबात लावू नका, कार्बन मोनॉक्साइड साठतो.

तीन आठवडे बादलीत आंबवलं, ४ फेब्रुवारीला मक्याची साखर घालून बाटल्या भरल्या, १८ फेब्रुवारीला पहिली उघडली. फेस सुरेख, रंग तांबूस, आणि वास जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा. प्लास्टिक, औषध, दवाखाना. नवरा म्हणाला, "थोडे दिवस ठेवू, कदाचित मुरेल." नाही मुरलं. महिनाभरानं चव तशीच होती. अठ्ठेचाळीस बाटल्या एकेक करून मोरीत रिकाम्या केल्या. एवढ्या मेहनतीनं केलेली गोष्ट हातानं ओतताना रडू आलं, ते लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण हे वाचणाऱ्या कुणाची तरी पहिली बॅच अशीच गेली असेल.

कारण शेजारच्या आजोबांनी सांगितलं. ऐंशीच्या दशकापासून ते घरी बिअर करतात. त्यांनी घोट घेतला, थुंकला आणि विचारलं, "पाण्याचं काय केलंस?" मी काहीच केलं नव्हतं. इथलं पाणी माउंट हूडच्या बाजूच्या बुल रन खोऱ्यातून येतं, अतिशय मृदू आणि चवीला गोड. त्यात जंतुनाशक म्हणून क्लोरामाइन असतो हे मला ठाऊक नव्हतं. नुसता क्लोरीन पाणी रात्रभर उघडं ठेवल्यावर उडून जातो. क्लोरामाइन तसा जात नाही, उकळूनही लवकर हटत नाही. माल्ट आणि यीस्टमधल्या फिनॉलशी त्याची गाठ पडली की तो औषधी वास तयार होतो आणि अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो. उपाय चार आण्यांचा आहे: कॅम्पडेनची गोळी, म्हणजे सल्फाइटची गोळी. एक गोळी २० गॅलन पाण्याला पुरते. माझ्या २८ लिटरला अर्धी पुष्कळ झाली. चमच्यानं चुरून ढवळायची, काही मिनिटांत काम होतं. आपल्या शहरात क्लोरीन आहे की क्लोरामाइन, हे पाणीपुरवठ्याच्या वार्षिक अहवालात लिहिलेलं असतं. तो अहवाल मोफत मिळतो. पातेलं घेण्याआधी तो वाचा.

दुसरी बॅच ४ मार्चला. औषधाचा वास पूर्ण गेला. पण प्यायल्यावर वाटलं की कुणी चिक्कीचा पाक ढवळलाय. ४५० ग्रॅम क्रिस्टल माल्ट या हलक्या बिअरला फार होतं. हॉपच्या वर त्याच्या साखरेचा पडदा बसत होता. शिवाय बादली मी हीटरच्या जवळ ठेवली होती. खोली २१ अंश होती म्हणून मी निश्चिंत होते. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे बादलीच्या आत खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्त असतात, हे नंतर बादलीला चिकटवायची तापमानपट्टी आणल्यावर दिसलं. पिकलेल्या केळ्याची झाक आली ती त्यातूनच. ही बॅच संपली, पण पाहुण्यांसमोर ठेवली नाही.

इथे एक गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिली: एका बॅचला एकच बदल. आणि तिसऱ्या बॅचला मीच ती मोडली. २९ एप्रिलला क्रिस्टल माल्ट ११० ग्रॅमवर आणलं, ३५० ग्रॅम म्युनिक माल्ट घातलं, बादली पाण्याच्या टबात ठेवून वर ओला टॉवेल गुंडाळला (माठाचंच तत्त्व, पाणी उडताना थंडावा देतं, सकाळ-संध्याकाळ बर्फाची बाटली टबात टाकली की १८-१९ अंश टिकतात), आणि शिवाय ड्राय हॉप दुपटीहून जास्त केला. ड्राय हॉप म्हणजे उकळताना नाही, आंबवण होत आल्यावर थंड बिअरमध्येच हॉप टाकणं. त्यानं कडवटपणा फारसा वाढत नाही, वास येतो. मी १७० ग्रॅम टाकला. वाटलं, आता पपनसाची बाग फुलेल.

पहिले दहा दिवस खरंच छान होती. थोडी गवताची, हिरव्या चहाची तुरट झाक होती, पण छान. मग दर आठवड्याला वास उतरत गेला. जूनच्या मध्यावर आई आली. आई पीत नाही. पण तिचं नाक तिखट आहे. तूप बेरी होण्याआधी एक मिनिट तिला दुसऱ्या खोलीतून कळतं. मी एक ग्लास तिच्या नाकाशी धरला आणि म्हटलं, सांग कशाचा वास येतोय. तिनं डोळे मिटून तीनदा हुंगलं.

"अगं, पावसात भिजलेल्या वहीचा पुठ्ठा असतो ना, तसा. आणि मागे थोडं मधासारखं."

तेव्हा मी भरण्याच्या दिवशी फ्रीजमध्ये टाकलेली, फसफसायला न ठेवलेली एक बाटली काढली. दोन्ही पांढऱ्या कागदासमोर ठेवल्या. थंडीत राहिलेली बाटली फिक्या सोन्यासारखी होती. कपाटातली, त्याच बादलीतली, जुन्या पितळेसारखी गढूळ तपकिरी. एवढा फरक पाच आठवड्यांत. हा ऑक्सिजनचा परिणाम. मी बादलीचं झाकण ड्राय हॉप बघायला चार वेळा उघडलं होतं, बिअर चाळणीतून खळखळ ओतून घेतली होती, बाटल्या मानेपर्यंत न भरता रिकामी जागा सोडली होती. ज्या बिअरमध्ये हॉप जास्त, तिला हवा सगळ्यात जास्त बाधते. मी वास वाढवायला हॉप वाढवत होते आणि वास खरं तर दुसऱ्या दारानं बाहेर चालला होता. आई म्हणाली, "लोणच्याची बरणी अर्धी ठेवतं का कुणी? वर तेल हवं." तिच्या बरणीवरचं तेल आणि माझ्या बाटलीतली रिकामी जागा, दोन्हीकडे प्रश्न हवेचाच होता.

हॉपच्या मात्रेबद्दलही मला त्याच उन्हाळ्यात उत्तर मिळालं. ऑरिगन स्टेट विद्यापीठात टॉम शेलहॅमर यांच्या प्रयोगशाळेत कॅस्केडवरच याचा अभ्यास झालाय. लिटरमागे आठेक ग्रॅमच्या पुढे ड्राय हॉप नेला की फळाचा वास त्या प्रमाणात वाढत नाही, उलट पालेभाजी आणि चहाकडे झुकतो. माझे १७० ग्रॅम १९ लिटरला म्हणजे लिटरमागे जवळजवळ नऊ झाले होते. तो हिरव्या चहाचा वास मी विकत आणलेला होता, २८ ग्रॅमला साडेतीन डॉलर दरानं.

जुलै-ऑगस्टमध्ये बॅच घातली नाही. घर तापतं आणि टबातला बर्फ पुरत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला मात्र विलामेट खोऱ्यात हॉपची तोडणी चालू असते, तेव्हा आईला घेऊन एका शेतावर गेले. पंधरा-अठरा फूट उंच तारांवर चढलेले वेल मुळापासून कापून ट्रकमध्ये पडतात, शेडमध्ये उलटे टांगले जातात, यंत्र फुलं ओरबाडून काढतं आणि मग ती भट्टीच्या जाळीवर फूट-दोन फूट थरात वाळत पडतात. ताज्या फुलात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, ते आठ-दहा टक्क्यांवर आणायचं. शेतकरीणबाईंनी आईच्या हातात एक बोंड ठेवलं आणि मधोमध फाडून दाखवलं. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीधमक, हळदीसारखी भुकटी होती. ल्युप्युलिन. सगळा वास आणि सगळा कडवटपणा त्या चिमूटभरात. आईनं ते तळव्यावर चोळलं, हुंगलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "पपनस." परतीच्या वाटेवर गाडीभर तो वास होता. तिची बोटं चिकट झाली होती आणि तिनं घरी येईपर्यंत हात धुतले नाहीत.

चौथ्या बॅचआधी पैसे खर्च केले. वापरलेला १९ लिटरचा कॉर्नी केग (दाब सहन करणारं स्टीलचं बंद पिंप) ७० डॉलरला, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि रेग्युलेटर मिळून १७०, कुणीतरी विकायला काढलेला जुना चेस्ट फ्रीझर ६० ला, आणि त्याला लावायचा तापमान नियंत्रक ३५ ला. नवऱ्याशी यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की दिवाळीला दुसरं काही घ्यायचं नाही. ज्यांना केग परवडत नाही त्यांनी निदान एवढं करावं: बाटली काठोकाठच्या जवळ भरावी, सायफनची नळी तळाशी टेकवून शांतपणे भरावी, आणि झाकण उघडून बघण्याचा मोह आवरावा. याला काही खर्च नाही.

केगचं तंत्र असं. जंतुनाशक पाण्यानं केग गळ्यापर्यंत भरायचा, मग सिलिंडरच्या दाबानं ते सगळं पाणी बाहेर ढकलायचं. आत उरतो तो फक्त कार्बन डायऑक्साइड. त्यात बिअर नळीनं, कुठेही हवा न लागू देता सोडायची. हा बदल मी ७ ऑक्टोबरच्या बॅचला केला. रंग राहिला, वास राहिला. आणि एक नवीनच वास आला.

या वेळी आईला विचारायची गरज नव्हती, पण विचारलं. "लोणी कढवताय का?" ती म्हणाली.

डायअसेटिल, लोण्याच्या वासाचं रसायन. आंबताना यीस्ट ते तयार करतं आणि नंतर स्वतःच शोषून घेतं, पण त्यासाठी त्याला ऊब आणि वेळ द्यावा लागतो. मी ड्राय हॉप टाकला तेव्हा घनता (साखर आंबत गेली की ती उतरते) १.०१२ होती आणि दोन दिवस हलली नव्हती, म्हणून मी समजले की आंबवण संपली. तीन दिवसांनी थेट दोन अंशांवर थंड केलं. केगमध्ये गेल्यावर मोजलं तर १.००९. हॉपमध्येही थोडी एन्झाइम असतात. यीस्टला न पचणाऱ्या उरलेल्या शर्करा ती तोडतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. इथे याला हॉप क्रीप म्हणतात. पुन्हा आंबायला लागलेल्या बिअरला मी अर्ध्यातच थंडीत झोपवलं होतं, त्यामुळे लोण्याचा वास तसाच अडकून राहिला. बाटल्यांमध्ये हेच झालं असतं तर दाब वाढून बाटल्या फुटू शकल्या असत्या. अर्धा केग प्यायलो, उरलेला ओतला. आई नोव्हेंबरमध्ये परत गेली.

यावरची चाचणी मला फार उपयोगी पडते, म्हणून सविस्तर सांगते. दोन छोट्या झाकणाच्या बाटल्यांत थोडी थोडी बिअर घ्यायची. एक फ्रीजमध्ये. दुसरी ६० ते ६५ अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवायची, मग ती गार करायची. दोन्ही हुंगायच्या. गरम केलेलीत लोण्याचा वास आला तर अजून थांबायचं आहे. दोन्ही सारख्या लागल्या तरच थंड करायचं. माझ्या वहीत आता प्रत्येक बॅचपुढे या चाचणीच्या तारखा आहेत. कधी एकदाच, कधी तीनदा.

पाचवी बॅच २ डिसेंबरला. या वेळी खरोखर एकच बदल: पाणी. आतापर्यंत कॅम्पडेनपलीकडे मी त्यात काही घातलं नव्हतं. बुल रनचं पाणी इतकं मृदू की त्यात खनिजं जवळपास नाहीतच, आणि कडवटपणा जिभेवर येऊन लगेच ओघळून जायचा, ठसत नव्हता. २८ लिटरला ६ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि अडीच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घातलं. सल्फेट १२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १२० भाग) आसपास, क्लोराइड ४३. सल्फेटनं कडवटपणाला धार येते, क्लोराइडनं अंग भरतं. माल्ट भिजल्यावर पीएच ५.६ होता, तीन मिलिलिटर लॅक्टिक आम्लानं ५.३५ वर आणला. स्वयंपाकघरातला वजनकाटा यासाठी चालत नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा घ्या, पंधरा डॉलरला मिळतो.

फरक मला तर वाटत होता, पण मला वाटून काय उपयोग? मेहनत करणाऱ्याला फरक लागतोच. जानेवारीत मंडळातले चार जण जेवायला आले तेव्हा चाचणी घेतली. तीन ग्लास: दोनांत बिना-खनिजाची बिअर (शेजारच्या आजोबांनी माझ्याच पाककृतीनं साध्या पाण्यात केलेली, तिच्या चार बाटल्या त्यांनी दिल्या), एकात माझी. सांगा, वेगळा कोणता? चारांपैकी तिघांनी बरोबर ओळखला. वेगळं काय लागलं विचारल्यावर एक वहिनी म्हणाल्या, "ही संपल्यावर पुन्हा घोट घ्यावासा वाटतो. त्या दोन्ही पाणचट वाटतात." चार जणांवरून काही सिद्ध होत नाही, शिवाय दुसरी बिअर दुसऱ्या हातची होती. पण वहिनींचं ते वाक्य मी वहीत तसंच्या तसं उतरवून ठेवलंय.

सहावी १० फेब्रुवारी २०२४ ला घातली आणि तिच्यासाठी शहरातल्या एका स्पर्धेत नाव नोंदवलं. बक्षिसापेक्षा मला अनोळखी, शिकलेल्या जिभेचं लेखी मत हवं होतं. पद्धत सांगते. ऑनलाइन नोंदणी, प्रकार १८बी म्हणजे अमेरिकन पेल एल, दहा डॉलर फी, दोन बाटल्या. बाटली तपकिरी, तिच्यावर किंवा बुचावर काहीही छापलेलं नको. छापील बूच असेल तर काळ्या मार्करनं रंगवायचं. नोंदणीचा कागद चिकटवायचा नाही, रबरबँडनं गुंडाळायचा. बाटल्या ठरलेल्या तारखेच्या आत ठरलेल्या दुकानात नेऊन द्यायच्या. केगमधून बाटली भरताना बिअर आणि बाटली दोन्ही अगदी गार हव्यात, आणि फेस वर आल्यावर त्या फेसावरच बूच दाबायचं, म्हणजे आत हवा राहत नाही.

परीक्षक दोन-दोन बसतात, त्यांना नाव कळत नाही. गुण ५० पैकी: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण छाप १०. तीन आठवड्यांनी कागद आला. मी तो आधी गाडीत बसून वाचला, मग घरी. ३४ गुण. बक्षीस नव्हतं. वासापुढे एका परीक्षकानं लिहिलं होतं, "ग्रेपफ्रूटची साल, फुलं, ताजा." ताजा या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. खाली दोघांनीही एकच तक्रार लिहिली होती: कडवटपणा शेवटी जरा टोकदार, घशाशी रेंगाळतो.

त्या बॅचची कृती अशी, १९ लिटरसाठी. साधं पेल माल्ट ४.१ किलो, म्युनिक ३५० ग्रॅम, क्रिस्टल ११० ग्रॅम. ६७ अंशांना एक तास. उकळीच्या सुरुवातीला मॅग्नम हॉप १४ ग्रॅम. शेवटची दहा मिनिटं राहिली की कॅस्केड आणि सेंटेनियल हे हॉप प्रत्येकी २८ ग्रॅम. गॅस बंद करून ८० अंशांपर्यंत उतरलं की दोन्ही आणखी २८-२८ ग्रॅम, वीस मिनिटं झाकून. यीस्ट यूएस-०५, १८ अंशांना. सुरुवातीची घनता १.०५२, शेवटी १.०११, म्हणजे साधारण ५.४ टक्के. ड्राय हॉप १०० ग्रॅम, दोन भाग कॅस्केड, एक भाग सेंटेनियल, आणि तो घनता १.०१४ च्या सुमाराला असतानाच टाकायचा. यीस्ट तेव्हा जागं असतं, झाकण उघडल्यावर शिरलेली हवा तेच संपवतं. मग २० अंशांवर नेऊन घनता थांबेपर्यंत आणि गरम पाण्याची चाचणी पार पडेपर्यंत हात लावायचा नाही. माझ्याकडे याला चार ते सहा दिवस लागतात. मग दोन दिवस थंडी, मग केग. साहित्याचा खर्च आता ४१ डॉलरच्या आसपास येतो, कारण हॉप मी अर्ध्या किलोच्या पाकिटात घेते आणि निर्वात पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवते.

सातवी बॅच १३ एप्रिलला घातली. बदल एकच: जिप्सम सहाऐवजी साडेचार ग्रॅम, म्हणजे सल्फेट ९० च्या आसपास. बाकी सगळं जसंच्या तसं. आज चौथा दिवस आहे. सकाळी घनता १.०१६ होती, रात्रीपर्यंत १.०१४ वर येईल. हॉपची पिशवी मी फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेवली आहे.